संकेतस्थळांची मराठी आणि बीडचे नवे कारागीर

बीड हे नाव मराठीत दोन अक्षरांत लिहून होते. त्यात चूक करण्यास फारसा वाव नाही. तेच नाव रोमन लिपीत गेले की मात्र त्याचे तीन अवतार होतात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने ते बी-एच-आय-आर असे लिहिले. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत ते बी-आय-डी असे आले. आणि जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात ते बी-ई-ई-डी असे आहे. ही तीनही नावे एकाच जिल्ह्याची आहेत हे माणसाला सहज उमगते. यंत्राला ते कोणी सांगितल्याशिवाय उमगत नाही. त्याच्या लेखी हे तीन निरनिराळे जिल्हे असतात.

जिल्ह्याच्या नावाची ही गंमत गंमत म्हणून सोडून देता येईल. पण हाच प्रकार माणसाच्या नावाच्या वाट्याला आला म्हणजे त्याची किंमत रोख पैशांत मोजावी लागते. ज्ञानोबा हे मराठवाड्यातील घराघरांतले नाव. सातबाऱ्यावर ते मराठीत असते. बँकेच्या पुस्तकावर ते रोमन लिपीत येते, तेव्हा कारकुनाच्या सवयीप्रमाणे कधी 'डी'ने सुरू होते, कधी 'जी'ने, तर एखाद्या संस्कृतप्रेमी लेखनिकाच्या हाती पडल्यास 'जे'ने. पुढे अनुदान, विमा वा शिष्यवृत्ती यांचा अर्ज भरताना या निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि 'नाव जुळत नाही' असा शेरा पडतो. माणूस तोच, जमीन तीच, खाते तेच. अडते ते एका जोडाक्षरावर. अर्ज स्वीकारणाऱ्या संकेतस्थळाची बांधणी करणाऱ्याने देवनागरी नाव हेच मूळ मानून रोमन रूप केवळ सोयीसाठी जोडले असते, तर यातील बरीचशी रखडपट्टी टळली असती.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे, की संकेतस्थळे बांधण्याचे काम आता केवळ पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरते राहिलेले नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील महाविद्यालयांतून संगणकाचे शिक्षण घेणारी मुले-मुली शिकता शिकताच गावातील कृषी सेवा केंद्रासाठी, एखाद्या पतसंस्थेसाठी, शिकवणी वर्गासाठी किंवा स्वतःच्याच महाविद्यालयासाठी संकेतस्थळ तयार करून देतात. कामाचा मोबदला थोडा असतो, उत्साह भरपूर असतो. ही मुले मराठीत विचार करतात, मराठीत भांडतात. परंतु बांधणीला बसली की पहिले पान इंग्रजीत रचतात. कारण शिकवणारे पुस्तक इंग्रजीत असते, नमुने इंग्रजीत असतात. पान पूर्ण झाल्यावर कोपऱ्यात भाषांतराची एक आयती कळ बसवली जाते आणि 'संकेतस्थळ बहुभाषिक झाले' असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. दोष त्या मुलांचा नाही. भाषा ही रंगासारखी शेवटी चढवायची वस्तू आहे, अशीच समजूत त्यांना कोणी न सांगता मिळालेली असते.

वस्तुतः भाषा ही रंगासारखी नसून पायासारखी आहे. याचा पडताळा अगदी साध्या वाक्यावरून येतो. 'तुमचे अमुक सादर झाले' असे इंग्रजीत सांगायचे असेल, तर एकच साचा पुरतो. मोकळ्या जागी हवे ते नाम घातले की झाले. मराठीत अर्ज सादर झाला, तक्रार सादर झाली आणि प्रमाणपत्र सादर झाले. नामाचे लिंग बदलले की क्रियापद बदलते आणि 'तुमचा', 'तुमची', 'तुमचे' हेही बदलते. इंग्रजी साच्यात मराठी शब्द ओतणारा नवशिका 'तुमचे तक्रार सादर झाले' असे वाक्य बिनदिक्कत छापून मोकळा होतो.

तीच गत गावांच्या नावांची. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. केज, आष्टी, परळी, वडवणी या नावांना 'मध्ये' जोडले तर कानाला फारसे खुपत नाही. पण पाटोद्याचे काय? मराठी माणूस 'पाटोद्यात पाऊस झाला' असे म्हणतो. 'पाटोदामध्ये' असे म्हणत नाही. सामान्यरूप हा मराठीचा स्वभाव आहे, व्याकरणाच्या पुस्तकातील नुसते कलम नव्हे. यादीतून तालुक्याचे नाव उचलून त्याला प्रत्यय चिकटवणारे यंत्र या स्वभावापुढे हटकून फसते. यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक नावासोबत त्याचे सामान्यरूपही साठवून ठेवावे, किंवा वाक्याची रचनाच 'तालुका: पाटोदा' अशी करावी. मात्र हे सुचण्यासाठी बांधणीच्या पहिल्या दिवशी मराठी समोर असावी लागते.

संगणकावरील मराठीचा इतिहास फार जुना नाही आणि तो आठवणे उपयोगाचे आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे, शासकीय कचेऱ्यांतून व छापखान्यांतून मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकित होत असे. प्रत्येक फाँटाची अंतर्गत मांडणी वेगळी असे. एका फाँटात लिहिलेला आदेश दुसऱ्या संगणकावर उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. पुष्कळ कारकुनांना आपली फाईल 'फुटली' हा शब्दप्रयोग त्या काळापासून ठाऊक आहे. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीला १९९१ साली स्थान मिळाले होते. 'विंडोज २०००' पासून ती सोय सामान्य संगणकावर आली. तरीही जुन्या फाँटांची सवय सुटण्यास आणखी बरीच वर्षे गेली. दरम्यान लिहिला गेलेला कितीतरी मजकूर आज शोधयंत्राला सापडत नाही. तो आहे, पण नसल्यासारखा आहे.

आज नव्याने शिकणाऱ्यास हा त्रास नाही. पान यूटीएफ-८ या संकेतात साठवावे आणि पानाच्या आरंभी भाषेची खूण म्हणून मराठीचे 'एम-आर' हे दोन अक्षरी चिन्ह नोंदवावे, एवढ्यावर अर्धे काम होते. ही खूण शोभेची नव्हे. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच असली तरी 'ल' आणि 'श' यांची वळणे वेगळी आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे व वर्णलेखनाचे प्रमाणीकरण केले, तेव्हा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांना मान्यता दिली. चांगल्या फाँटांत ही मराठी वळणे असतात. पान मराठी आहे हे कळल्याशिवाय मात्र ती वर येत नाहीत. दृष्टिहीन वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधनही याच खुणेवरून कोणत्या भाषेचे उच्चार करायचे हे ठरवते. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा', 'यशोवेणू' किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' असे फाँट विनामूल्य उपलब्ध असताना ठोकळेबाज अक्षरांवर समाधान मानण्याचे प्रयोजन उरत नाही.

बारकावे आणखीही आहेत. आचाऱ्यास स्वयंपाकघरात बोलवायचे असते आणि आचार्यास व्यासपीठावर. ऱ्याचा आडवा अर्धा 'र' टंकता आला नाही तर दोघांची अदलाबदल होते. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो आणि 'क्ष', 'ज्ञ' अखेरीस. युनिकोडच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसलेला आहे. यादी लावताना यंत्राला केवळ क्रमांकावर सोडले, तर शब्दकोशाची सवय असलेल्या शिक्षकाला हवे ते नाव हव्या त्या जागी सापडत नाही. इंग्रजी मथळ्यातील अक्षरे ऐसपैस पसरवण्याची आज्ञा मराठी मथळ्याला लावली की शिरोरेषेचे तुकडे होतात. भ्रमणध्वनी क्रमांकाच्या चौकटीत एखाद्या शेतकऱ्याने ९, ८, ७ असे मराठी आकडे भरले, तर ती चौकट 'अवैध क्रमांक' म्हणून त्याला परत पाठवते. आकडे बदलून घेण्यास आज्ञावलीची एक ओळ पुरेशी असते. ती ओळ लिहिलेली नसते, कारण बांधणाऱ्याने चाचणी घेताना एकदाही मराठी कळफलक उघडलेला नसतो.

निजामी काळाचा धडा

अनेक भाषांत राज्यकारभार चालवणे बीडला नवे नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दफ्तर उर्दूत, लोकांचे बोलणे मराठीत, सावकाराची वही मोडीत, अशी ती व्यवस्था होती. सामान्य कुळाला आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. तो वाचून दाखविणारा मनुष्य लागे आणि त्याचे मोल द्यावे लागे. त्या राजवटीने उर्दूसाठी केलेला खटाटोप मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू करताना तिने भाषांतराचे स्वतंत्र कार्यालय उभारले आणि शास्त्रांची परिभाषा घडवून घेतली. भाषांतर ही पदरमोड नसून भांडवली गुंतवणूक आहे हे तिला कळले होते. आपल्या बहुसंख्य प्रजेची भाषा कोणती, हे मात्र तिने सोयीस्करपणे दृष्टीआड केले. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय निर्माण झाले. त्याने सिद्ध केलेल्या पदनाम कोशाची, शासन व्यवहार कोशाची आणि परिभाषा कोशांची थट्टा करणे सोपे आहे. नवशिक्या कारागिराने ते कोश एकदा उघडून पाहिले, तर अर्जातील निम्म्याहून अधिक शब्द त्याला आयते मिळतील.

त्या जुन्या दफ्तराचे महत्त्व २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला कळले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील उर्दू व मोडी कागद वाचू शकणाऱ्यांची एकाएकी वाण भासू लागली. एक लिपी दोन पिढ्यांत वाचेनाशी झाली की समाजाला काय शोधत फिरावे लागते, ते तेव्हा दिसले. अशा कागदांची नुसती छायाचित्रे संकेतस्थळावर चढवून भागत नाही. छायाचित्रातील नाव शोधता येत नाही. गाव, वर्ष आणि व्यक्तीचे नाव मराठीत टंकून छायाचित्राला जोडले तरच त्याचा दस्तऐवज म्हणून उपयोग होतो.

उर्दूचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बीड शहरात, अंबाजोगाईत, परळीत उर्दू शाळा आहेत, उर्दू वाचणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी पालिकेच्या सूचना उर्दूतही देण्यास काही लोक नाके मुरडतात. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठी सक्तीचे करणारा २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांचा कायदा मराठीच्या जोडीला आणखी एक भाषा वापरण्यास मनाई करीत नाही, असे न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. ज्या अंबाजोगाईशी मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे नाव निगडित आहे, तेथील मराठीला शेजारच्या उर्दू ओळीने धोका पोहोचेल, असे मानणे हा मराठीवरील अविश्वासच होय. कारागिरापुढील प्रश्न वेगळा आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. पानाची दिशा, बाण, तक्ते, चौकटी सारेच आरशातल्यासारखे फिरवावे लागते. आणि मधेच आलेला आकडा मात्र डावीकडून उजवीकडेच वाचला जातो. ज्याने डाव्या-उजव्या बाजू आज्ञावलीत ठोकून बसवल्या, त्याला सारे घर पाडून बांधावे लागते. ज्याने 'आरंभ' आणि 'शेवट' अशा शब्दांत मांडणी केली, त्याचे काम एका खुणेने होते.

खर्च कोणी सोसावा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, संकेतस्थळावरील भाषेचा खर्च टाळता येत नाही. तो फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर ढकलता येतो. संस्थेने मराठी मजकूर नीट लिहून घेतला नाही, तर तिचे काही हजार रुपये वाचतात. तो मजकूर न समजलेला माणूस सेवा केंद्रावर जातो, बसभाडे देतो, दिवसाची मजुरी बुडवतो आणि केंद्रचालकाच्या हातावर पैसे ठेवतो. संस्थेच्या वहीत हा खर्च कोठेच दिसत नाही. राज्यात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास एक रुपयात पीकविमा मिळू लागला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. त्या काळात रुपयाच्या अर्जासाठी जादा पैसे मोजावे लागतात, अशा तक्रारी वारंवार झाल्या. अडवणूक करणाऱ्यांवर कारवाई व्हावीच; पण अर्ज स्वतः भरता येत नाही ही परिस्थिती कायम असेल, तर मध्यस्थाला मिळणारे ते मोल या ना त्या रूपाने चालूच राहते.

विम्याच्याच बाबतीत आणखी एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारे 'बीड पॅटर्न' याच जिल्ह्यातून २०२० च्या खरिपात सुरू झाले आणि पुढे राज्यभर गेले. धोरणात राज्याला वाट दाखविणाऱ्या या जिल्ह्याचा शेतकरी अर्जाच्या पडद्यावर मात्र अडखळत राहिला. पीकविम्याच्या त्या वेळच्या नियमांनुसार स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. नुकसानीचे कारण यादीतून निवडायचे असे: गारपीट, भूस्खलन, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग आणि शेत जलमय होणे. या शेवटच्या कारणाचा इंग्रजी शब्द पदवीधरालाही शब्दकोश उघडायला लावणारा आहे. 'शेतात पाणी साचले' या तीन शब्दांत तो शेतकऱ्याला सांगता येतो. राज्याने २०२५ च्या खरिपात योजनेची चौकट बदलली, त्यामुळे तो नियम मागे पडला असेल. पण चिखलात उभे राहून, बॅटरी संपत आलेल्या फोनवर, मोजक्या तासांत योग्य शब्द निवडावा लागण्याचा प्रसंग काही मागे पडलेला नाही.

यावर, भाषांतर आता यंत्रच करते, मग एवढा आटापिटा कशाला, असा आक्षेप येतो. तो अगदीच टाकाऊ नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'भाषिणी' उपक्रम सुरू केला आहे आणि यंत्राची मराठी वर्षागणिक सुधारते आहे. वर्तमानपत्रातील बातमीचा आशय समजून घेण्यास ती पुरते. परंतु छायाचित्राची कड कापण्याच्या आज्ञेसाठी आणि शेतातील पिकासाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, आणि माहिती जतन करण्यासाठी व प्राण वाचवण्यासाठीही एकच. संदर्भाविना सुटे शब्द यंत्रापुढे टाकले की 'जतन करा'च्या जागी 'वाचवा' अशी हाक येते. हसून सोडून देण्यासारखे हे प्रकार मुदतीच्या, रकमेच्या किंवा अपात्रतेच्या वाक्यात घडले तर उत्तरदायी कोण? यंत्र नाही, आणि कोपऱ्यातील कळीखाली 'भाषांतराची जबाबदारी आमची नाही' असे बारीक अक्षरांत छापणारी संस्थाही नाही. शिवाय यंत्र मराठी शिकते ते माणसांनी लिहिलेल्या मराठीवरूनच. सर्वांनी इंग्रजीत लिहून यंत्राकडून मराठी करून घ्यायचे ठरवले, तर यंत्राने शिकावे कोणाकडून?

उलट दिशेचे भाषांतर तर आपण विसरूनच गेलो आहोत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. त्यांच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. 'उचल' म्हणजे साधी आगाऊ रक्कम नव्हे, तर पुढच्या हंगामाला बांधून घेणारे कर्ज. या मजुरांच्या नोंदणीचे संकेतस्थळ इंग्रजी आराखड्यावरून बांधले तर 'कुटुंबप्रमुख' आणि 'कामगार' अशा दोनच चौकटी येतील आणि कोयत्यातील अर्धी मजूर, म्हणजे बाई, कागदावरून नाहीशी होईल. येथे मूळ मजकूर मराठीतच सिद्ध झाला पाहिजे. इंग्रजीने तो मराठीवरून घ्यावा. यांपैकी पुष्कळ मजूर तांड्यांवरचे आहेत. घरात ते गोरमाटी बोलतात. तिला स्वतःची प्रचलित लिपी नाही आणि जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. त्यांच्यासाठी आणखी एक लिखित पान करण्यापेक्षा दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित मजकूर, तोही तांड्यावरच्याच शिकलेल्या मुलीच्या आवाजात, अधिक कामाचा ठरेल.

म्हणून नवशिक्याने एकदम पाच भाषांचा हव्यास धरू नये. पाच शिळ्या पानांपेक्षा दोन ताजी पाने बरी. शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचनांतही सर्व भाषांतील मजकूर एकाच वेळी अद्ययावत व्हावा, अशी अपेक्षा आहे. इंग्रजी पानावर यंदाची मुदत आणि मराठी पानावर गतवर्षीची, ही स्थिती मराठी पान मुळीच नसण्यापेक्षा वाईट होय. हे ताजेपण फुकट राहत नाही. आजवर आमची तरुण मुले गिऱ्हाइकाला दरपत्रक देतात त्यात जागेचे भाडे, नावाची नोंदणी आणि बांधणी अशा तीन रकमा असतात. त्यात मजकूर मराठीत लिहिणे आणि तो वर्षभर अद्ययावत ठेवणे या आणखी दोन रकमा स्वतंत्र दाखवाव्यात. गिऱ्हाईक घासाघीस करील, कदाचित पहिल्या वर्षी त्या रकमा खोडूनही टाकील; पण भाषेला किंमत असते हे निदान त्याच्या डोळ्यांखालून जाईल.

महाविद्यालयांना करता येण्याजोगी एक गोष्ट याहून सोपी आहे. संगणक विभागाच्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पाला गुण देताना मराठीच्या प्राध्यापकांना शेजारी बसवावे आणि परीक्षा प्रयोगशाळेत न घेता बसस्थानकाजवळच्या एखाद्या सेवा केंद्राच्या रांगेत घ्यावी. विद्यार्थिनीने आपला फोन रांगेतील एखाद्या मावशींच्या हाती द्यावा, स्वतः दोन पावले मागे उभे राहावे आणि अर्ज कोणत्या शब्दावर अडतो ते वहीत टिपून घ्यावे.